मालवण ते वेंगुर्ला: पायी, होडीतून आणि गरी टाकत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गणपती झाले की माझा फोन सुरू होतो. ऑफिसातले, सोसायटीतले, कॉलेजच्या ग्रुपवरचे, सगळ्यांना दिवाळीत नाहीतर नाताळात मालवणला जायचं असतं आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात. माझं गाव मालवण तालुक्यात, मामा देवबागचा, त्याचं अख्खं आयुष्य रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) आणि होडीवर गेलं. मी पुण्यात राहतो पण वर्षातून तीन-चार वेळा जातोच. यावेळी म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवू, म्हणजे कोणी विचारलं की हेच पाठवता येईल.

नेमका कुठला पट्टा म्हणताय? अख्खं कोकण का?

नाही. अख्खं कोकण एका सुट्टीत बघायला गेलात तर फक्त गाडीची सीट बघाल. मी बोलतोय सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्याबद्दल, त्यातही तळाशील-तोंडवळीपासून खाली मालवण, तारकर्ली, देवबाग, मग कर्ली खाडीच्या पलीकडे भोगवे, निवती आणि तिथून वेंगुर्ला, शिरोडा, रेडीपर्यंत. रेडीनंतर तेरेखोलची खाडी आली की गोवा. या एवढ्या पट्ट्यात वाळू आहे, खडक आहे, खाडी आहे, जांभ्याचा सडा म्हणजे सपाट पठार आहे, किल्ले आहेत, आणि मुख्य म्हणजे मासेमारी अजून हाताने चालते, लोक किनाऱ्यावरच राहतात आणि किनाऱ्यावरच कमावतात.

कधी जावं?

ऑक्टोबर शेवट ते फेब्रुवारी. पावसाळ्यात समुद्र बघायला छान वाटतो पण उतरायला नाही, आणि १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्यांची मासेमारी बंदच असते कारण तो माशांचा अंडी घालायचा काळ. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मग होड्या हळूहळू बाहेर पडायला लागतात, तरी प्रवासी बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स मे अखेरीला बंद झाले की सप्टेंबरशिवाय सुरू होत नाहीत. मार्चपासून दुपारचा वारा वाढतो आणि उकाडा असा की चालणं नको होतं. मे महिना आंब्यासाठी ठेवा, ट्रेकिंगसाठी नाही.

एक महत्त्वाचं. आंगणेवाडीची जत्रा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तारीख दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दोन-तीन दिवसांत मालवण-कणकवली-कुडाळ सगळीकडे गाड्याच गाड्या, ट्रेनची तिकिटं नाहीत, रूम नाहीत. भराडी देवीला यायचं असेल तर जरूर या, पण मग शांत किनारा त्याच ट्रिपमध्ये शोधू नका.

तुम्ही सारखं भरती-ओहोटी म्हणता, एवढं काय आहे त्यात?

सगळं त्यातच आहे. लोक येताना हॉटेलचं बुकिंग बघतात, हवामान बघतात, रील बघतात आणि पाणी कधी चढणार कधी उतरणार हे कोणीच बघत नाही. मग ओहोटीला वाळूचं बेट बघायचं म्हणून भरतीला पोचतात आणि म्हणतात काहीच नव्हतं तिथे.

आमच्याकडे जुनी माणसं तिथीवर चालतात. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल ते साधारण पूर्ण भरतीचं घड्याळ. म्हणजे अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण बरोबर सहा, सहाच्या सुमाराला भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी, संध्याकाळी परत भरती. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा गुणिले पाऊण बरोबर सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो पण दिवस आखायला पुरतं. रोज भरती साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, हे एकदा डोक्यात बसलं की घरच्या कॅलेंडरवरून ट्रिप ठरवता येते.

दुसरी गोष्ट, पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास असतं ते उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास असतो तो भांग, तेव्हा पाण्याला जोर कमी. मुंबईत उधाणाला चार-पाच मीटरचा फरक पडतो, मालवणला जेमतेम दोनेक मीटर, म्हणून मुंबईकरांना वाटतं इथे काही विशेष नाही. पण आमची वाळू सपाट आहे आणि खाड्यांची मुखं अरुंद, त्यामुळे तेवढ्या दोन मीटरमध्ये खाडीच्या तोंडाला पाणी असं खेचतं की चांगला पोहणाराही वाहून जाईल.

माझा हिशोब असा. किनाऱ्याने लांब चालायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावस्येनंतर दोन-तीन दिवसांनी जा, द्वितीया-तृतीया. तेव्हा सकाळी सात-आठच्या सुमाराला चांगली ओहोटी असते, ओली कडक वाळू मिळते, ऊन कोवळं असतं. पाण्याखाली बघायचं असेल तर भांगाचे दिवस धरा, गढूळपणा कमी असतो. मामा मात्र हे सगळं ऐकून एकच बोलतो, "घड्याळ काय बघतंस, पाणी बघ." त्याला वाळूवरच्या ओल्या रेषेवरून कळतं पाणी चढतंय की उतरतंय, आणि दोन दिवस लक्ष दिलंत तर तुम्हालाही कळायला लागेल.

चालायला कुठले रस्ते चांगले? मार्क केलेले ट्रेल आहेत का?

पाट्या लावलेले ट्रेल नाहीत. पण किनाराच रस्ता आहे आणि वाडीतून जाणाऱ्या पाणंदी आहेत, विचारत विचारत जायचं.

सगळ्यात सोपं आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून दक्षिणेला वायरी, तारकर्ली करत देवबागच्या संगमापर्यंत. साधारण ११-१२ किलोमीटर, सगळी वाळू, चढ अजिबात नाही. पहाटे निघालात तर मागे सिंधुदुर्ग किल्ला हळूहळू लहान होत जातो आणि पुढे डाव्या हाताला माड आणि माडांच्या पलीकडे कर्ली नदी. देवबाग म्हणजे एका बाजूला नदी, एका बाजूला समुद्र आणि मध्ये चिंचोळी जमीन, काही ठिकाणी इतकी चिंचोळी की एका बाजूचा पंपाचा आवाज दुसऱ्या बाजूला ऐकू येतो. पावसाळ्यात लाटा घरांच्या मागे येतात, त्यामुळे गावात ठिकठिकाणी दगडांचे बंधारे दिसतील. त्या दगडांवर चढून फोटो काढताना जपून, दगड हलतात.

देवबागच्या टोकावरून होडीने पलीकडे भोगव्याला उतरता येतं. तिथून चढ सुरू होतो. भोगव्याच्या वरच्या सड्यावरून खाली बघितलंत तर नदी समुद्राला कशी मिळते ते एका नजरेत कळतं, निळं पाणी आणि हिरवट मातकट पाणी यांची रेघ दिसते, देवबागची पट्टी मधोमध. पुढे किल्ले निवती. किल्ला लहान आहे, तटबंदी पडलेली, झाडोरा वाढलेला, पण वरून दोन्ही बाजूंचा किनारा दिसतो आणि संध्याकाळी खालचे खडक उन्हात सोन्यासारखे पिवळे होतात. तिथे मी तासभर काही न करता बसतो.

वेंगुर्ल्याकडे सागरेश्वरचा किनारा मोकळा आणि लांब आहे. वेंगुर्ला बंदरावर दीपगृह, आणि गावात डचांच्या वखारीचे अवशेष. शिरोड्याला वेळागरचा किनारा सुरूच्या झाडांचा, आणि याच शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता, मिठागरं अजूनही आहेत. रेडीला यशवंतगड बघा, वडाच्या मुळांनी भिंती धरून ठेवल्यात.

उत्तरेकडे मालवणहून चिवला, कोळंब करत सर्जेकोटपर्यंत जाता येतं. तिथून तळाशील समोर दिसतं पण मध्ये खाडीचं मुख आहे. चालत ओलांडायचा प्रयत्न करू नका, ओहोटीलाही नाही.

खडकांवरून, कड्याच्या खालून चालत गेलं तर चालेल का? जवळ पडतं म्हणे.

जवळ पडतं हे खरं, पण मी तेच केलं होतं म्हणून सांगतो. बरीच वर्षं झाली, मी आणि दोन मित्र निवतीच्या बाजूला खडकांवरून डोंगराला वळसा घालून जाऊ म्हणून निघालो, तिथी बघितली नव्हती, निघालो तेव्हा खडक कोरडे होते. अर्ध्या वाटेत एक घळ लागली, तिच्यात पाणी आत येऊन बाहेर जात होतं, आम्ही म्हटलं थांबू, लाट गेली की पलीकडे जाऊ, आणि थांबलो तेवढ्यात मागची वाट भिजली. वरून एक बाई ओरडायला लागली, "अरे पाणी चढता हां, थंय रवा नको, वर येवा!" ती लाकडं गोळा करत होती. तिने दाखवलेल्या जागेने आम्ही करवंदीच्या जाळीतून हातपाय ओरबाडत वर आलो. वर आल्यावर तिने आम्हाला पाणी दिलं, आणि खाली बघितलं तर ज्या खडकावर आम्ही उभे होतो तो दिसत नव्हता.

तेव्हापासून माझा नियम, खडकावरून जायचं तर ओहोटी लागल्यावर निघायचं, भरती लागायच्या आधी परत, आणि कालवांनी भरलेल्या खडकावर अनवाणी कधीच नाही. कालवाची कड ब्लेडसारखी लागते आणि ती जखम लवकर भरत नाही.

किनारा सोडून आत काही चालण्यासारखं आहे का?

आहे, आणि लोक ते सोडून देतात याचं मला वाईट वाटतं. सडा म्हणजे जांभा दगडाचं सपाट पठार, उन्हाळ्यात काळंकोळं आणि ओसाड, पण पाऊस ओसरताना गवतफुलांनी भरून जातं. मालवण तालुक्यात कुडोपीला सड्यावर कातळशिल्पं आहेत, माणसांच्या, प्राण्यांच्या आकृत्या आणि नक्ष्या थेट दगडात कोरलेल्या. कोकणातली काही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत त्यात कुडोपीही आहे. गावातला माणूस बरोबर घ्या नाहीतर सापडत नाहीत, आणि कृपा करून त्यांच्यावर चालू नका, खडूने रेषा काढू नका, पाणी ओतून फोटो काढू नका.

धामापूरचा तलावही बघा. सोळाव्या शतकातला, काठाला भगवतीचं देऊळ, आणि जुन्या सिंचन व्यवस्थांसाठी जी जागतिक मान्यता देतात ती त्याला २०२० मध्ये मिळाली. किनाऱ्यावर दोन दिवस खारं अंग झाल्यावर तिथली सावली फार बरी वाटते.

शिडाच्या बोटीतून फिरता येईल का? सेलिंग शिकायचंय.

मालवणात आता शीड जवळजवळ दिसत नाही. माझ्या आजोबांच्या लहानपणी पडाव, मचवे शिडावर चालायचे, आता होडीला मागे इंजिन लागलं. म्हणून इथे सेलिंग शिकायला मिळेल अशी आशा ठेवून येऊ नका, त्यासाठी मुंबई नाहीतर गोवा गाठा, तिथे क्लब आहेत आणि शिकवतात. गोव्याचं तर विशेषच. 'म्हादेई' ही शिडाची नौका तिथल्या दिवाडी बेटावर बांधली आणि नौदलाचे दिलीप दोंदे तिच्यातून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी तीच नौका घेऊन कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. मला दर वेळी वाटतं की ज्या किनाऱ्यावर मराठा आरमार होतं, विजयदुर्गाजवळ गिर्ये गावात आरमाराची गोदी अजून दिसते, तिथल्या पोरांना शीड हातात धरायला मिळायला हवं.

तरी वारा समजून घ्यायचा असेल तर इंजिनाच्या होडीतही समजतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा, हिवाळ्यात त्याला छान गारवा असतो आणि पाणी तेव्हा तेलासारखं सपाट. ऊन चढलं की तो पडतो, थोडा वेळ काहीच नाही, मग समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तीन-चारपर्यंत लाटांना फेस येतो. म्हणून होडीचं जे काही असेल ते सकाळी उरकायचं. ज्यांना बोट लागते त्यांनी तर दुपारचं नावच काढू नका. विंडीसारखं हवामानाचं अॅप बघा, पण बंदरावर धोक्याचा बावटा लागलाय का तेही बघा, बावटा लागला असेल तर अॅप काहीही म्हणो, जायचं नाही.

होडीने काय काय बघता येतं?

पहिला सिंधुदुर्ग किल्ला. मालवण जेट्टीवरून बोटी सुटतात. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी पाया घातला, ४८ एकर, आणि तटबंदी नागमोडी साधारण तीन किलोमीटर, पायात शिसं ओतलेलं. आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे आणि काही कुटुंबं अजून किल्ल्यात राहतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यात हाही आहे. बोटवाले बहुतेक वेळा तासाभरात परत या म्हणतात, तेवढ्यात होत नाही. आधीच बोलून घ्या की आम्ही नंतरच्या फेरीला येऊ. आणि जायच्या आधी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा बघा, किल्ल्याच्या कामाची पूजा तिथे झाली, दगडावर गणपती आणि चंद्रसूर्य कोरलेत.

दुसरं कर्ली खाडी. तारकर्ली-देवबागहून आत होडीने किंवा कयाकने जा, कांदळवन, खंड्या, घारी, ओहोटीला चिखलात पाय रोवून तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बायका. इंजिन बंद करायला सांगा, आवाज थांबला की मग खाडी काय असते ते कळतं. त्सुनामी आयलंड म्हणतात तो वाळूचा दांडा, लोक म्हणतात २००४ च्या त्सुनामीनंतर वर आला, त्याचा आकार दरवर्षी बदलतो आणि भरतीला तो असतोच असं नाही.

तिसरं, समुद्र शांत असेल आणि माहितगार तांडेल (होडीचा प्रमुख) असेल तरच, निवतीसमोरचे वेंगुर्ला रॉक्स. दीपगृह आहे आणि तिथल्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत. तिथे उतरायला परवानगी नसते, लांबूनच बघायचं. वाटेत डॉल्फिन दिसतात, त्यांच्या मागे होडी पळवायला सांगू नका.

लाइफजॅकेट खरंच घालावं लागतं का? दहा मिनिटांचीच तर बोट असते.

हो, घालावंच लागतं, बक्कल लावून. मे २०२२ मध्ये तारकर्लीला किनाऱ्याच्या अगदी जवळ पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जणांचा जीव गेला. बोटीत माणसं जास्त वाटली तर उतरा आणि पुढची बोट घ्या, कोणाला राग आला तरी चालेल. स्कूबा करणार असाल तर तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, दम्याचा किंवा कानाचा त्रास असेल तर तो लपवू नका. दारू पिऊन पाण्यात नाही, हे वेगळं सांगायला नको खरंतर, पण दरवर्षी सांगावं लागतं.

मासे पकडायचेत. रॉड घेऊन आलो तर चालेल का?

चालेल. आमच्याकडे त्याला गरवणं म्हणतात, गरी म्हणजे हुक. बहुतेक जण अजून रॉड वापरत नाहीत, बोटाला दोरा गुंडाळून बसतात आणि बोटालाच कळतं काय लागलंय. आमिष म्हणून सुंगटं (कोळंबी), माकूल (स्क्विड) किंवा बांगड्याचा तुकडा. खाडीच्या तोंडाला, खडकाजवळ, भरतीचं पाणी चढत असताना बसलात तर तांबोशी, गोबरा, पालू लागतात. पाणी पूर्ण थांबलं की मासाही थांबतो, तेव्हा डबा उघडायचा.

खाडीत पाग टाकणारे दिसतील. पाग म्हणजे गोल फेकजाळं, कडेला शिशाचे मणी. बघायला सोपं वाटतं, पण जाळं हवेत पूर्ण उघडून पाण्यावर बांगडीसारखं पडायला हवं. मामाने मला एक अख्खी सुट्टी शिकवलं, जाळ्याची एक बाजू दातात धरायची, थोडं कोपरावर, उरलेलं हातात, कमरेतून वळायचं आणि सोडायचं. खाऱ्या दोऱ्याची चव तोंडातून दिवसभर जात नाही. शेवटी शेवटी पाग नीट पडायला लागला आणि त्यात तीन शेवटे (खाडीतले मासे) आले तेव्हा त्याने काही न बोलता ते आजीकडे नेऊन दिले.

शिंगाळा लागला तर हाताने धरू नका, त्याच्या पंखाला काटा असतो आणि भयंकर ठणकतो. पाकट लागली तर शेपटीपासून लांब, सरळ दोरा कापा. लहान मासा सोडून द्या, राज्याने २०२३ मध्ये बऱ्याच जातींसाठी किमान लांबी ठरवून दिलीय ती यासाठीच की निदान एकदा तरी अंडी घालू दे. नायलॉनचा दोरा तोडून पाण्यात टाकू नका, कासवं अडकतात त्यात.

रापण म्हणजे काय? ती बघायला मिळेल का?

यासाठी तरी या, मी तर म्हणेन बाकी सगळं राहिलं तरी चालेल.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत समुद्रात जाते, मोठा अर्धगोल घेते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि ओढणं सुरू होतं. मालवणला चिवला आणि दांडीला, आणि खाली देवबाग-वायरीला सकाळी दिसू शकते. रोज असेलच असं नाही, मासा दिसला तर रापण पडते.

मागच्या नोव्हेंबरात मी चिवल्याला होतो. साडेसहा वाजले असतील, उजाडत होतं, दोन्ही रांगा मागे मागे सरकत होत्या, टाचा वाळूत रुतवून, कमरेला दोर अडकवून. एकाचा पाय उखडला की मागचा त्याला पाठीने धरून ठेवतो. अर्धा-पाऊण तास समुद्रात काहीच दिसत नाही. मग आधी पक्ष्यांना कळतं, घारी आणि कुरव वर गोल फिरायला लागतात, रांगा एकमेकींच्या जवळ येतात, म्हाताऱ्या माणसाचा आवाज चढतो, आणि जाळ्याचं पोट उथळ पाण्यात आलं की पाणी उकळल्यासारखं होतं. त्या दिवशी बांगडा होता, मधे मधे पेडवे, दोन मोठ्या माकुली, आणि एक कासवाचं पिल्लू जे एका पोराने लगेच दोन्ही हातात धरून कमरेइतक्या पाण्यात नेऊन सोडलं. बांगडा ताजा असतो तेव्हा पाठीवर हिरवा-निळा असतो, बाजारात येईपर्यंत तो रंग जातो, तो तिथेच बघायचा. मग पाट्या भरल्या, बायकांनी लिलाव केला, आणि वाटे पडले, कोणाला किती ते ठरलेलं असतं.

तुम्ही दोराला हात लावलात तर कोणी नको म्हणणार नाही. जाता जाता चार बांगडे हातात देतात, ते नको म्हणू नका. पण रांगेच्या मधे उभं राहून सेल्फी नको, दोर ताणलेला असतो, सुटला तर लागतो. आणि मासे कमी आले असतील त्या दिवशी कॅमेरा खाली ठेवा, पंधरा-वीस घरांची सकाळ रिकामी गेलेली असते.

मच्छीमार आणि ट्रॉलर, पर्ससीन असं भांडण ऐकतो, ते काय आहे?

थोडक्यात, रापण आणि छोट्या होड्या किनाऱ्याजवळ येणाऱ्या माशावर जगतात. मोठ्या बोटी पर्ससीन जाळं टाकून आख्खाच्या आख्खा थवा उचलतात, काही जण रात्री एलईडी लाइट लावून मासा गोळा करतात ज्याला बंदी आहे तरी चालतं. बाहेर थवा उचलला की किनाऱ्याला येतो तो शिल्लक. मी रापणकराचा भाचा आहे, माझी बाजू उघड आहे.

तुमच्याकडून एवढंच, पाण्यात तरंगणारी बोंडं किंवा झेंडा दिसला की तिथे जाळं आहे. जेटस्की, स्पीडबोट त्याच्यावरून नेऊ नका, नेत असतील तर तुम्ही सांगा. एकदा एका पर्यटकांच्या बोटीने मामाचं जाळं मधोमध फाडलं, बोटवाला थांबलासुद्धा नाही. ते शिवायला मामा आणि मामी आठ दिवस ओटीवर बसले होते.

इथून शंख, प्रवाळ, कालवं वगैरे नेता येतात का?

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर, किल्ल्याच्या आसपासचा भाग त्यात येतो. प्रवाळाला हात लावायचा नाही, उभं राहायचं नाही, तोडून न्यायचं तर अजिबात नाही. रिकामे शिंपले वाळूतच बरे दिसतात. हिवाळ्यात वायंगणी आणि इतर काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, रात्री टॉर्च आणि फ्लॅश घेऊन फिरू नका.

माशांची नावं कळत नाहीत, हॉटेलात काय मागवू?

पापलेटला सरंगा म्हणतात, आणि २०२३ पासून तो राज्यमासा आहे. सुरमईला इसवण. मुडदुशे म्हणजे मुंबईत नगली. तारली स्वस्त आणि काटेरी, पण तिरफळं घातलेलं तिचं तिखलं एकदा खाऊन बघा. मोरीचं मटण म्हणजे शार्क. सरंगा-सुरमईवरच अडून बसू नका, "आज काय ताजा इला?" असं विचारा आणि जे येईल ते खा.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही. काजूची उसळ, काळ्या वाटाण्याची आमटी, घावणे, आंबोळ्या, सोलकढी, खापरोळ्या. घरगुती राहण्याच्या ठिकाणी आदल्या दिवशी सांगा, वेगळ्या भांड्यात करून देतात.

लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर आहेत, जमेल का?

जमेल. आजी-आजोबांना कर्ली खाडीची होडी, धामापूर आणि संध्याकाळचा चिवला. किल्ल्याला बोटीत चढता-उतरताना धक्का हलतो, दोघांनी धरा. मुलांना पोहायला गुडघाभर पाण्यातच, आणि संगमाच्या टोकाला, देवबाग असो की कुठलीही खाडी, पाण्यात उतरवूच नका.

पोचायचं कसं?

कोकण रेल्वेने कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली. कुडाळहून मालवण साधारण तीस किलोमीटर, एसटी आणि रिक्षा मिळतात. चिपीला विमानतळ आहे, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, विमानं कधी असतात ते बुकिंगच्या वेळी बघा. गाडीने आलात तरी गावात पोचल्यावर ती लावून ठेवा, देवबागचा रस्ता अरुंद आहे आणि त्यावर लोकांचं अंगण उघडतं.

तीनच दिवस आहेत, काय करू?

पहिल्या दिवशी दुपारी पोचा, संध्याकाळी मोरयाचा धोंडा आणि चिवला, आणि रापणकरांना उद्या रापण आहे का विचारून या. दुसऱ्या दिवशी पहाटे रापण असेल तर तीच, नसेल तर दांडीवरून देवबाग चालत, जेवण देवबागला, दुपारी झोप काढा, संध्याकाळी खाडी. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बोटीने किल्ला, किंवा किल्ला आधी बघितला असेल तर होडीने भोगवे आणि वर निवती. वेंगुर्ला यात बसत नाही. कोंबू नका, त्यासाठी परत या.

सुकी मासळी न्यायचीय, ट्रेनमध्ये वास येईल का?

येईल, म्हणून बांधायची पद्धत. सुके बांगडे किंवा गोलमो (सुकट) घेताना बोटाने दाबून बघा, कडक हवेत, ओलसर असतील तर घरी जाईपर्यंत खराब. आठवडी बाजारात बायकांकडून घ्या, घासाघीस फार करू नका. आधी वर्तमानपत्रात गुंडाळा, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्या, मग झाकणाचा डबा, आणि डब्याच्या कडेला टेप. घरी गेल्यावर एक दिवस उन्हात ठेवून बरणीत भरा. आमच्या घरी बरणी स्वयंपाकघरात नसते, बाल्कनीत असते, आणि पावसाच्या पहिल्या दिवशी ती आत येते.